मे महिन्याचा रकाना

मी त्या दिवशी तिथे गेलो नव्हतो.

तेरा वर्षांत हे वाक्य मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, माझ्या गाईडजवळ नाही, आणि ज्याला ते ऐकायचा खरा हक्क होता त्याच्याजवळ तर नाहीच. माणूस कमी बोलणारा असला की लोक त्याला विचारी समजतात. स्टाफरूममध्ये माझी तशी ख्याती आहे. ‘सर मोजकंच बोलतात.’ मोजकं बोलणाऱ्याने काय काय वगळलंय, हे सहसा कुणी विचारत नाही. त्याच सोयीवर मी इतकी वर्षं काढली.

एप्रिल सरत आला की आमच्याकडे प्रॅक्टिकल परीक्षांचा मोसम सुरू होतो. नगरच्या बाहेर, उघड्या माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. दुपारी खिडकीच्या गजांना हात लावता येत नाही. मशीन लॅबमध्ये तापलेल्या वार्निशचा वास कोंडलेला असतो, त्यात मोटरच्या कार्बन ब्रशचा जळकट वास, आणि रिओस्टॅटच्या वेटोळ्यांवर वर्षभर बसलेली धूळ तापली की आणखी एक, मडकं भाजल्यासारखा. बाहेर कडुनिंबाखाली पोरंपोरी मांडीवर जर्नलं घेऊन शेवटची पानं खरडत असतात. निंबाचा मोहर त्यांच्या ग्राफ पेपरवर झडत राहतो. तपासायला आलेल्या जर्नलात कधी कधी तो चपटा होऊन सापडतो, आलेखावर एखादा जादाचा बिंदू पडल्यासारखा. मी तो फुंकरीने उडवतो आणि सही करतो.

आमच्या विद्येत एक कला आहे. ती कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, पण तिच्यावाचून कुणी पास झालेला मला माहीत नाही. तिला ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात. प्रयोग करायचा, मीटरवरचे आकडे टिपायचे, त्या आकड्यांचा आलेख काढायचा, ही झाली रीत. बसवणारा उलटा निघतो. पुस्तकात आलेख कसा दिसतो ते तो आधी बघतो, तशी गोंडस रेघ पेन्सिलीने काढतो, आणि मग त्या रेघेवरून खाली उतरत आकडे लिहितो. मला ही कला दुसऱ्या वर्षाला एका सीनियरने शिकवली. तो म्हणाला होता, “अगदी सरळ नको रे आणू. दोन बिंदू जरा इकडंतिकडं टाक. लई सरळ आलं की मास्तरला वास येतो.” खोट्याला थोडा खरखरीतपणा द्यायचा, म्हणजे ते खऱ्यासारखं हाताला लागतं. मी ते शिकलो. हात चांगला बसला होता माझा.

परवा लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाची वैष्णवी माझ्याकडे आली. बारीक चणीची, ओढणी कमरेला खोचून तारा जोडणारी मुलगी. तिचा ट्रान्सफॉर्मरवरचा प्रयोग चालला होता.

“सर, पाचवं रीडिंग वाकडं येतंय.”

“परत घ्या.”

“तीनदा घेतलं. तीनदा तेवढंच येतंय.”

तिचा जोडीदार ओंकार स्टुलावरूनच म्हणाला, “बसव ना गं. एका रीडिंगनं काय ट्रान्सफॉर्मर पेटणारे का?”

“तू गप बस. माझ्या जर्नलवरून उतरवलंस ते उतरवलंस, माझा रोल नंबरपण उतरवलायस.”

आजूबाजूची पोरं हसली. मीही हसलो असेन. मग ती माझ्याकडे वळली, आणि टोमणा नाही, आगाऊपणा नाही, अगदी सरळ विचारावं तसं तिने विचारलं, “सर, सगळे बसवतात. तुम्ही बसवलंय का कधी?”

पंखा फिरत होता. कुठेतरी एक मोटर बंद होत होत हळूहळू घुमत थांबत होती. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणालो, “एक्स्टर्नल यायची वेळ झाली. आवरा.”

तेरा वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. कॉलेजात शिकवत होतो आणि विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवून सहा वर्षं झाली होती. माझा विषय होता अर्थिंगचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी साधं सांगतो. मोटरीच्या लोखंडी अंगातून एक तार काढून ती जमिनीत पुरलेल्या नळीला जोडतात. मोटरीत बिघाड होऊन वीज तिच्या अंगावर उतरली, तर ती या वाटेने भुईत जावी, फ्यूज उडावा, माणसाच्या हातातून जाऊ नये, म्हणून ही सोय. नळीभोवतीच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात. भुई ओली असेल तर ती वीज चटकन घेते, कोरडी पडली की अडवते. ती किती अडवते ते मोजायचं एक हँडलवालं यंत्र असतं; आकडा जितका कमी, तितकं अर्थिंग चांगलं. बारा शेतांवर, बारा महिने, दर महिन्याला मी ते फिरवून आकडा घ्यायचा, आणि जमिनीच्या ओलीवरून तो आकडा आधीच सांगू शकेल असा कॉम्प्युटरचा प्रोग्राम तयार करायचा, असं माझं संशोधन होतं. मोजावं न लागता कळावं. माझ्या प्रबंधाचं सगळं आकर्षण त्यातच होतं.

बारांपैकी तीन शेतं जामखेडच्या बाजूला होती. त्यांतलं एक सुमनकाकूंचं.

सुमनकाकू चाळिशीच्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, आणि शिकलेलं वापरायची हौस असलेल्या. त्यांचे यजमान किसनराव बोलायला कमी, सगळा व्यवहार काकूंच्या हातात. मी प्रत्येक शेतकऱ्याच्या स्टार्टरच्या पेटीत एक जाड कार्ड चिकटवलं होतं. बारा रकाने, महिन्याचं नाव, पुढे आकडा आणि माझी आद्याक्षरं. इतर ठिकाणी त्या कार्डावर पाली चिकटायच्या. काकू मात्र ते पदराने पुसून ठेवायच्या आणि मी आलो की म्हणायच्या, “लिवा सर, आमच्या भुईचं प्रगतीपुस्तक.”

सप्टेंबरात साडेतीन. जानेवारीत चारच्या पुढे. एप्रिलला सहा.

त्यांचा खड्डा शहाजी वायरमनने भरलेला होता. आसपासच्या दहाएक गावांत अर्थिंग म्हटलं की शहाजीच. वय माझ्याएवढंच असेल. काळा, उंच, कानावर टेस्टर खोचलेला. खड्डा भरताना तो चपला बाजूला काढून ठेवायचा. कोळशाचा थर, मिठाचा थर, आणि प्रत्येक थर अनवाणी पायाने दाबत गोल गोल फिरायचा. मी एकदा विचारलं, “चपला का काढता?” तर म्हणाला, “पायाला कळतं सर, कुठं पोकळ ऱ्हायलंय ते. चपलीला काय कळतंय?”

माझ्या लॅपटॉपवरच्या रेघा त्याला मी मोठ्या उत्साहाने दाखवल्या होत्या. ओल इतकी, तर आकडा इतका. त्याने डोळे बारीक करून पाहिलं.

“आन् भेग?”

“कसली भेग?”

“आवो, ही काळी भुई. वैशाखात अशी तडकती की हात जातोय आत. तडकली की नळीला सोडती. मग कसली ओल आन् कसलं काय. ह्या तुमच्या कॉम्पुटरला भेग दावली का कुनी?”

मी हसलो. “ते पुढच्या संशोधनात घेऊ, शहाजीराव.”

“घ्या घ्या. तवर आमी पानी वततो.” आणि काकूंकडे वळून त्याने सांगितलं, “वैनी, उन्हाळ्यात चार दिसाला एक हंडा खड्ड्यात वतायचा. इसरायचं न्हाई.”

त्या वर्षी जामखेडच्या त्या पट्ट्यात पाणी नव्हतं. टँकर यायचा, तोही बोलावून. विहिरी तळापर्यंत कोरड्या. काकूंच्या दाराशी सिमेंटचा हौद होता. टँकर त्यात सोडायचा आणि छोट्या मोटरीने ते पाणी वरच्या टाकीत चढवायचं. माणसं, दोन गाई, चार शेळ्या, सगळ्यांचं तेवढ्यात. त्यातलाच हंडा, चार दिवसाला एक, कोळशामिठाच्या खड्ड्याला.

मेच्या मध्यावर मी निघालो. नऊ शेतं झाली होती. जामखेडच्या बाजूची तीन राहिली होती, आणि प्रबंध महिनाअखेर विद्यापीठात द्यायचा होता. गाईडचा रोज फोन. मी एसटीने उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. पहिल्या शेतावर यंत्राच्या सळया जमिनीत ठोकायला लागलो. दोन सळया, वीतभर तरी आत जायला हव्या होत्या. भुई दगड झाली होती. हातोडी बसायची, सळई थरथरायची आणि तिथेच राहायची. सातव्या-आठव्या ठोक्याला हातोडीचा दांडा फिरला, तळव्याची साल निघाली. फार नाही, रुपयाएवढी.

मी सळया पिशवीत टाकल्या. स्टँडवर आलो. रसवंतीत बसून दोन ग्लास रस प्यायलो. चरकाचे घुंगरू वाजत होते. समोर नगरची गाडी लागली. मी चढलो.

इतकंच झालं. घरात कुणी आजारी नव्हतं, वाटेत काही आडवं आलं नाही. मी पुष्कळदा एखादं कारण शोधून पाहिलंय, जे सांगताना मान वर ठेवता येईल. ऊन होतं आणि हाताची साल निघाली होती, याखेरीज दुसरं काही सापडत नाही. काकूंच्या शेतापासून मी तेव्हा चार किलोमीटरवर होतो.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कॉम्प्युटरपुढे बसलो. माझ्याच प्रोग्रामला विचारलं, या तीन शेतांचा मे महिन्याचा आकडा काय असेल? त्याने सांगितला. काकूंचा सहा पूर्णांक सात. मग त्यात थोडा फरक टाकायला दोन ओळींचा आणखी एक प्रोग्राम लिहिला. दोन बिंदू जरा इकडंतिकडं. साडेसहा झाला. तो मी तक्त्यात ‘प्रत्यक्ष मोजलेला’ या शीर्षकाखाली भरला, आणि शेजारच्या रकान्यात ‘प्रोग्रामने सांगितलेला’. दोन्ही किती सुरेख जुळत होते! माझ्या अंदाजाची साक्ष माझाच अंदाज देत होता. गाईडना तक्ता पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘उत्तम.’

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन.

“सर, काल येनार हुतात न्हवं? वाट बघितली.”

“आलो होतो काकू. तुम्ही दिसला नाहीत.”

“म्या तर घरीच... व्हय व्हय, टँकर आल्ता वस्तीवर, तवा गेल्ते. तवाच आला आसाल.” त्या स्वतःच माझं खोटं पुरं करत होत्या. “तुमच्या खिळ्यांसाठी हंडा भरून ठिवला हुता. म्हनलं भुई लई कडक हाय, सरांना वली करून द्यावी. भाकरी बी केल्ती. मग किती आला आकडा?”

“साडेसहा. कार्डावर लिहून ठेवा ना तुम्हीच. घाईत राहिलं माझ्याकडून.”

“म्या लिवू?” त्यांना कोण आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, “सर, त्यो हंडा तसाच हाय. खड्ड्यात वतायचा का? प्यायलाच पुरंना झालंय वो. तुमी म्हनला तर वतते.”

त्या मला विचारत होत्या. माझ्या पुढ्यात तक्ता होता. साडेसहा म्हणजे उत्तम अर्थिंग.

“राहू द्या काकू. आकडा चांगला आहे. गाईंना पाजा.”

रिसीव्हर ठेवल्यासारखा मी मोबाईल किती हळू टेबलावर ठेवला, ते आठवतं. बाहेर कोकिळा ओरडत होती. मला बरं वाटलं होतं, कुणाचं तरी पाणी वाचवल्यासारखं.

यानंतर तीन आठवड्यांनी किसनरावांचा फोन आला. मोटरीने हवा धरली होती, पाणी चढत नव्हतं. काकू एका हाताने पाइप धरून दुसऱ्याने तांब्याने पाणी सोडत होत्या. मोटरीच्या आत कुठेतरी तार जळाली आणि वीज अंगावर उतरली. खड्ड्याने घेतली नाही. फ्यूज उडाला नाही. शेजारच्याने वासा मारून त्यांना सोडवलं. उजवा हात.

नगरच्या दवाखान्यात मी गेलो. कॉटवर काकू लहान दिसत होत्या. हात कोपरापर्यंत बांधलेला. त्या पट्टीतून तीन बोटं पुढे बाहेर येणार नव्हती, हे डॉक्टरांनी किसनरावांना सांगितलं होतं. काकूंना अजून सांगायचं होतं. किसनराव चहा आणायला गेले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी खाली गेलेला.

“सर, येक इचारू?”

“विचारा.”

“त्या दिशी खिळ्याची भोकं दिसली न्हाईत मला. दर बारीला असत्यात. दोन. म्या बघितलं हुतं, हंडा उचलाया गेल्ते तवा.” मग त्याच म्हणाल्या, “म्हनलं, बुजली आसतील.”

मी म्हणालो, “बुजली असतील.”

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा कधी हा विषय काढला नाही. माझ्यासमोर नाही आणि, माझ्या माहितीप्रमाणे, दुसऱ्या कुणासमोरही नाही.

आता पुढचं सांगतो. हेच सांगायला सगळ्यात जड आहे, आणि इथपर्यंत वाचलेल्या माणसाला वाटेल की वाईट ते सांगून झालं.

गावात बोलणं सुरू झालं होतं की चूक कुणाची. शहाजी मेच्या शेवटी काकूंचा स्टार्टर दुरुस्त करून गेला होता. लोकांचा हिशेब सरळ होता. मेच्या मध्यावर सरांनी मोजलं तेव्हा साडेसहा होतं, कार्डावर लिहिलंय. म्हणजे तोवर सगळं ठीक. त्यानंतर त्या जोडणीला हात लागला तो एकट्या शहाजीचा. म्हणजे अर्थिंगची तार त्याने सैल ठेवली. हा हिशेब कुणी कपटाने केला नव्हता. तो बरोबरच होता. फक्त ज्या आकड्यावर तो उभा होता, तो मी माझ्या खुर्चीत बसून तयार केलेला होता.

बैठक शाळेच्या ओट्यावर ठरली. मला बोलावलं. मी दोन तास आधी गेलो आणि कुणी नसताना काकूंच्या हौदापाशी पोचलो. माझ्याकडे यंत्र होतं. नळीपासून तार सोडवली, नुसता खड्डा मोजला. या वेळी सळया ठोकल्या. पाणी ओतून, हात सोलवटून, पण ठोकल्या. हँडल फिरवलं. काटा शंभराच्या पलीकडे गेला. नळीभोवती काळ्या मातीची भेग पडली होती, माझी चार बोटं आत गेली. आत कोळसा होता, भरपूर होता, व्यवस्थित दाबलेला, आणि हाडासारखा कोरडा. तारेचं स्टार्टरकडचं टोक तपासलं. शहाजीने आवळलेला नट पान्याशिवाय हलला नसता.

मला सगळं कळलं होतं. हे लिहून ठेवणं भाग आहे. मला शंका नव्हती.

स्टार्टरची पेटी उघडली. कार्ड होतं. अकरा महिने माझे तिरके आकडे आणि आद्याक्षरं, आणि मेच्या रकान्यात काकूंचं गोल, शाळकरी अक्षर: ६.५. पुढे आद्याक्षरांच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, ‘सर.’ मी कार्ड सोलून काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

ओट्यावर तीस-चाळीस माणसं. किसनराव खांबाला टेकून. शहाजी खाली उभा, ओट्यावर चढला नव्हता.

“म्या नट आवळला हुता,” तो म्हणाला. “खड्डा वाळला आसंल. वैनीला म्या पानी वता म्हनलं हुतं.”

एक म्हातारा म्हणाला, “आरं, मेमदी मोजलंय की सरांनी. साडेसहा. तीन आठवड्यात वाळतोय व्हय खड्डा?”

दुसऱ्याने टोला हाणला, “ह्याचं सगळं ध्यान आता शिर्डीच्या हाटेलांच्या कामाकडं. गावचा नट कशाला आवळंल?”

कुणीतरी हसलं. शहाजी त्यांच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. वायरमन माणूस; त्याला माहीत होतं की भुई तडकल्यावर असा आकडा मेच्या मध्यावर येऊच शकत नाही. त्याने विचारलं ते अगदी अदबीने.

“सर, तुमी सोता हँडल फिरवलं हुतं का त्या दिशी?”

“हो,” मी म्हणालो.

“कार्ड दावा बरं.”

“कॉलेजात आहे.”

कार्ड छातीवर होतं. घामाने शर्ट चिकटला होता, आणि त्या पातळ कापडातून बारा रकाने दिसतायत की काय अशी मला भीती वाटत होती. शहाजीची नजर माझ्या खिशावर गेली? की मला तसं वाटलं? त्याने कानावरचा टेस्टर काढला, तो बोटांत दोनदा फिरवला, परत खोचला.

“मग ऱ्हायलं,” तो म्हणाला, आणि चालायला लागला.

त्या वर्षी माझा प्रबंध मान्य झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, “इतकं चांगलं जुळलंच कसं?” गाईड हसून म्हणाले, “फार मेहनती आहे. भर उन्हात फिरलाय.” टाळ्या झाल्या. घरी पेढे आले. माझ्या नावामागे ‘डॉ.’ लागलं, ते अजून आहे. काही संशोधकांनी पुढे माझा तक्ता आपल्या कामात वापरला. कुठेतरी कुणीतरी त्यावरून ठरवलं असेल की काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पाणी नाही घातलं तरी चालतं. हा विचार मी मनात कधी पुरा होऊ देत नाही.

शहाजीला गावांनी बोलावणं बंद केलं. भांडण नाही, तक्रार नाही, पोलीस नाहीत. नुसतं बोलावणं बंद. पाच वर्षांपूर्वी मी घरच्यांबरोबर शिर्डीला गेलो होतो. लॉजच्या खोलीतला पंखा बंद होता. खाली सांगितलं, आणि शिडी घेऊन शहाजी आला. केस पांढरे झाले होते. कानावर टेस्टर.

“सर! डाक्टर झालात म्हनं. आयकलं हुतं.”

“बरे आहात ना शहाजीराव?”

“ब्येस. दिवा बदलायचा, पंखा बघायचा. बारा खोल्या ह्या मजल्यावर, बारा त्या.” शिडीवर चढून पंख्याची टोपी काढत तो म्हणाला, “अर्थिंगला हात लावत न्हाई आता. मालक म्हनतो लावा, म्या म्हनतो दुसरा मानूस बगा.”

“का?”

तो वरूनच थांबला. मला त्याचे पाय दिसत होते. शिडीच्या पायरीवर, अनवाणी.

“हाताचा भरवसा गेला सर. लोक म्हनले नट सैल हुता. म्या आवळल्याचं मला आठवतंय. पर लोक म्हनत्यात. आन् तुमी तर मोजलं हुतं.” टोपी परत बसवत तो म्हणाला, “ऱ्हायला आसंल सैल. मानूस हाय.”

हे त्याने स्वतःबद्दल मान्य करून टाकलं होतं. मी पलंगावर बसून होतो. बायको बॅगेतून टॉवेल काढत होती. एक वाक्य बोलायचं होतं, तिच्यासमोर, त्या शिडीखाली उभं राहून. तेव्हा पंखा सुरू झाला. शहाजी खाली उतरला, हात जोडले आणि शिडी खांद्यावर घेऊन गेला.

काल लॅब रिकामी असताना मी वैष्णवीच्या टेबलापाशी गेलो. तिची जोडणी तशीच होती. लोड वाढवत पाचव्या रीडिंगपर्यंत नेलं, मग वीज बंद केली आणि टर्मिनलांवर एकेक करून हात ठेवत गेलो. एक तापलं होतं. नट सैल होता. तिचं वाकडं रीडिंग खरं होतं. तिथे वीज वाया जात होती आणि मीटर ते प्रामाणिकपणे सांगत होता. ती मुलगी तीनदा तेच लिहून माझ्याकडे आली होती, आणि मी तिला ‘आवरा’ म्हणालो होतो.

तिच्या जर्नलात त्या आकड्याखाली मी लिहिलं, ‘रीडिंग बरोबर आहे. जोडणी सैल होती.’ सही केली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या पानावर नाही. ते इथे लिहिलं आहे, आणि जर्नल परत करताना तिला ते तोंडाने सांगायचं आहे. हो, बसवलंय.

कार्ड माझ्या प्रबंधाच्या प्रतीत ठेवलेलं आहे. कडा पिवळ्या पडल्यात. घामाचा डाग मेच्या रकान्यापर्यंत आलाय, पण काकूंचं अक्षर वाचता येतं. त्यांनी उजव्या हाताने लिहिलेल्या शेवटच्या काही अक्षरांपैकी ते असेल. विद्यापीठाला पत्र लिहून ठेवलं आहे. तक्त्यातले तीन आकडे खोटे आहेत, हे त्यात आहे. डिग्री राहील की जाईल, त्यांनी ठरवावं. ते पत्र टाकणं तसं सोपं आहे; पाकिटाला डोळे नसतात.

सुमनकाकूंना त्यांचं कार्ड परत द्यायचं राहिलं आहे. आणि शहाजी वायरमनला सोबत घेऊन त्याच शाळेच्या ओट्यासमोर खाली उभं राहून, तेव्हा होते त्यांतले जे कुणी आज असतील त्यांच्या देखत, मी त्या दिवशी आलो नव्हतो, मी मोजलं नव्हतं, आणि याचा नट आवळलेला होता, हे सांगायचं राहिलं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.